नाथसागराचे पासष्ट टक्के

ऑक्टोबर लागला की मराठवाड्यातला प्रत्येक पुढारी जलतज्ज्ञ होतो. एरवी ज्याला चारी कुठे आणि वितरिका कुठे हे ठाऊक नसतं, तो टीएमसीत बोलायला लागतो. तिकडे नाशिक-नगरचे पुढारी 'थेंबभर पाणी देणार नाही' म्हणून मोर्चे काढतात, इकडचे 'हक्काचं पाणी घेतल्याशिवाय राहणार नाही' म्हणून रस्ता अडवतात. दोन्हीकडची पांढरी टोपी एकाच दुकानातली. दोन्हीकडे साखर कारखाना. दोन्हीकडे सोयरिक. पण पंधरा-वीस दिवस असा देखावा उभा राहतो की गोदावरीच्या पात्रात आता रक्तच वाहणार.

भांडण कशाचं आहे ते आधी नीट समजून घेऊ, कारण आपल्या शहरातल्या पोरांना हे 'शेतकऱ्यांचं काहीतरी' वाटतं आणि ते पान उलटतात.

पैठणला गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे. मूळ बेत हैदराबाद राज्याच्या काळातला, बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचा. पुढे जागा हलली, नदीच्या वरच्या अंगाला पैठणला आली, नाव मात्र त्या गावाचं चिकटून राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांब मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि मागे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी. त्याला नाथसागर म्हणतात. पूर्ण भरला की पातळी १,५२२ फूट. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातला वापरता येण्याजोगा ७६ टीएमसीच्या वर. उरलेला सव्वीस टीएमसी मृत साठा. नाव मृत, पण १९७२ नंतरच्या प्रत्येक मोठ्या दुष्काळात शहरं जगली ती ह्या मेलेल्या पाण्यावर.

आता गोम अशी, की ह्या तलावाच्या डोक्यावर धरणांची उतरंड रचलेली आहे. दारणा, गंगापूर, मुकणे, पालखेड, करंजवण, भंडारदरा, निळवंडे, मुळा. भंडारदरा आणि दारणा तर इंग्रजांच्या जमान्यातली. पाऊस पडतो सह्याद्रीत, पहिला घास तिथेच अडतो. वर सगळं पोट भरून ढेकर दिल्यावर जे खाली येईल त्याच्यावर नाथसागर भरायचा. चांगला पाऊस झाला तर भरतो, नाही झाला तर नाही. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा शून्याच्या खाली गेला होता.

म्हणून २००५ साली कायदा आला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण बसलं. कायद्याचा अर्थ सरळ आहे: टंचाई आली तर खोऱ्यातल्या सगळ्यांनी ती वाटून घ्यायची. २०१२ च्या दुष्काळानंतर मेंढेगिरी अभ्यासगट बसला, २०१३ ला त्याचा अहवाल आला आणि १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने हुकूम काढला. त्यातून आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं सूत्र निघालं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. लोक कोर्टात गेले. २३ सप्टेंबर २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, पुन्हा बोंबाबोंब, पुन्हा कोर्ट, आणि मग पाणी सुटलं. पाणी सोडतात म्हणजे काय करतात ठाऊक आहे? नदीकाठची वीज तोडतात, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, काठाने पोलिस उभे करतात. स्वतःच्या राज्यातलं पाणी स्वतःच्या राज्यात नेताना बंदुकीचा पहारा! त्याच वर्षी सरकारने आणखी एक अभ्यासगट नेमला होता. त्याने पासष्टाचे अठ्ठावन्न टक्के करा असं सुचवलं, आणि तंटा नव्याने पेटला.

आमची भूमिका आधीच सांगून टाकतो. वरून पाणी आलंच पाहिजे. नदी कुणाच्या बापाची नाही. डोंगराच्या जवळ जन्मलो म्हणून पाणी माझं, हा युक्तिवाद आम्हाला फार ओळखीचा वाटतो. जन्मावर हक्क सांगणाऱ्यांशी आमचं जुनं भांडण आहे. तेव्हा पासष्ट असो की अठ्ठावन्न, वरच्यांनी खालच्यांचं पाणी दाबायचं नाही, ह्या मुद्द्यावर आम्ही मराठवाड्याच्या बाजूने उभे आहोत.

पण मराठवाडा म्हणजे कोण?

इथे आमचं आणि त्या रस्ता अडवणाऱ्यांचं फाटतं. पाणी पैठणला आलं, पातळी वाढली, टक्केवारी पेपरात छापून आली. त्याच्यापुढे पाणी जातं कुठे? डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. कागदावरचं लाभक्षेत्र १,८३,३२२ हेक्टर. पाणी मिळतं हेक्टरला. माणसाला नाही, सातबाऱ्याला. २००५ सालचा दुसरा कायदा आहे, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. पाणी वापर संस्था म्हणजे त्याचा कणा. तिचा सभासद कोण, तर लाभक्षेत्रात जमीन धरणारा. ज्याच्या नावावर गुंठा नाही त्याला अर्ज नाही, मत नाही, आवर्तन नाही. म्हणजे टीएमसीच्या ह्या लढाईत आपला भूमिहीन माणूस मोर्च्यात घोषणा द्यायला चालतो, ट्रकमध्ये बसायला चालतो, पोलिसाची काठी खायला चालतो. पाणी आल्यावर मात्र तो हिशेबातच नाही. त्याने चारीवर जायचं ते दुसऱ्याच्या उसाला दारं धरायला.

आणि ऊस म्हणालो म्हणून. नगरचे लोक आपलं पाणी उसाला पाजतात ही मराठवाड्याची तक्रार. खरी आहे. प्रवरेच्या पाटावर उसाची सत्ता उभी राहिली, १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला, आणि त्याच्या मागोमाग साखरेतून आमदार, खासदार, मंत्री पिकू लागले. पण जायकवाडीच्या कालव्यांवर काय पिकतं? पैठण, अंबड, घनसावंगी, गेवराई, जिथे पाट गेला तिथे धुराडं गेलं. सकाळी नगरच्या उसाला शिव्या देणारा चेअरमन दुपारी आपल्या उसाला पाणी चढवतो. वरच्या बाजूला डोंगळे टाकून पाणी उपसलं जातं आणि टेलची गावं पाटाच्या कोरड्या सिमेंटकडे बघत बसतात. वरचा आणि खालचा हे भांडण नाशिक ते पैठण जसं आहे तसंच ते एकाच कालव्यावर मैलामैलाला आहे. प्रत्येक चारीला आपलं नाशिक आहे आणि आपला मराठवाडा आहे. चारी संपते तिथून पुढे जे राहतात त्यांची गोष्ट तर वेगळीच.

बीडचा ऊसतोड्या घ्या. त्याच्या गावात पाणी नाही, असलं तर त्याच्या जमिनीला नाही, जमीनच नाही. मग तो दिवाळीच्या सुमाराला बायकापोरं घेऊन कोयता खांद्यावर टाकतो आणि पाणी जिथे अडलंय तिकडेच जातो. नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर. धरणाने पाणी वर अडवलं, पाण्याने ऊस केला, उसाने माणूस ओढून नेला. पाणी खाली येत नाही म्हणून माणसं वर जातात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. मुकादमाचा दंड चुकावा, पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, म्हणून बाईने पोट फाडून घ्यायचं! पासष्ट टक्क्यांच्या कुठल्या सुनावणीत हे पाणी मोजलं गेलं?

आता जरा तलावाच्या काठावर या. आम्हाला ह्या सगळ्या भांडणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती इथे आहे आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

नाथसागर उथळ आहे. परातीसारखा पसरलेला. पातळी फूटभर खाली गेली की काठाची मैलोन्‌मैल जमीन उघडी पडते. काळी, ओली, गाळाने माखलेली. तिला गाळपेर म्हणतात. नांगरायची गरज कमी, खताची कमी, हरभरा टाका, ज्वारी टाका, कलिंगडं लावा, येतं. ही जमीन सरकारची. ती वर्षावर्षाच्या पट्ट्याने कसायला द्यायची आणि देताना ज्यांची जमीन धरणात गेली ते आणि स्थानिक भूमिहीन मागासवर्गीय ह्यांचा विचार आधी करायचा, असं सरकारी धोरण सांगतं. म्हणजे मराठवाड्यातल्या भूमिहीन दलिताला कायद्याने जिथे पाय ठेवायला जागा आहे अशी ही जमीन. ना कुणाचं दान, ना भूदानातला मुरमाड तुकडा. चांगली गाळाची जमीन.

पण ती कधी उघडी पडणार हे ठरतं दरवाजावर. पातळी ऑक्टोबरात किती, डिसेंबरात किती, आवर्तन कधी, वरचं पाणी कधी येणार, ह्यावर रब्बीचा पेरा उभा राहणार की बुडणार ते ठरतं. हरभरा हातभर वर आलाय आणि वरून पाणी सुटलं, झालं, वर्ष गेलं. नुकसानभरपाई नाही, कारण गाळपेर म्हणजे तुझ्या जोखमीवर. १५ ऑक्टोबरच्या त्या जगप्रसिद्ध हिशेबात पिण्याचं पाणी आहे, शेती आहे, कारखाने आहेत, बाष्पीभवनसुद्धा आहे. वाफेला रकाना आहे. गाळपेर कसणाऱ्या माणसाला नाही.

पातळी नशिबाने नीट राहिली तरी पुढचा घाला आहेच. उघडी पडलेली गाळाची जमीन पहिल्यांदा कुणाला दिसते? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला. काठावरचा बागायतदार आपलं शेत पाण्यामागे सरकवत नेतो. पाणी उतरेल तसा बांध पुढे. पट्ट्याची यादी कचेरीत पिकते आणि जमीन धाकदपटशाने पिकते. आपला माणूस पट्टा मागायला गेला तर अभयारण्य आहे म्हणतात. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे हे खरं, आणि पक्ष्यांशी आमचं वैर नाही. फक्त एवढंच विचारावंसं वाटतं की रोहित पक्ष्याला त्रास होतो तो भूमिहीनाच्या विळ्याचाच कसा? मोटारी लावून तलाव उपसणाऱ्याच्या आवाजाने पक्षी उडत नाहीत काय?

काठावरच मासे धरणारे आहेत. भोई, कोळी, भिल्ल, आणि जमीन गेल्यावर जाळं हातात घेतलेले कित्येक. त्यांनाही पातळीचाच हिशेब. त्यांनाही कुणी सुनावणीला बोलावत नाही.

ह्या तलावाखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी, घरं, विहिरी आहेत. भरपाई मिळाली ती सातबाऱ्यावर. ज्याचं शेत गेलं त्याला पैसे. जो त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबला त्याचं काय गेलं? काही नाही, कारण त्याचं काही नव्हतंच! महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. धरण राष्ट्राला अर्पण झालं ते त्याच साली. आधी माणसं बुडवली, मग बुडणाऱ्यांचा कायदा छापला. आणि नव्या गावठाणांचे नकाशे जाऊन बघा. धरणाने डोंगराएवढी भिंत बांधली, नदी वळवली, पण गावकूस तेवढा जसाच्या तसा उचलून नव्या जागी नेऊन ठेवला.

तलावाला नाव एकनाथाचं. ह्याच पैठणच्या वाळवंटात तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर नाथांनी कडेवर घेतलं, रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, अशा कथा सांगून आमच्या बापजाद्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं गेलं. कथा चांगल्या आहेत. ते वाळवंट आता धरणाच्या हिशेबात गेलं आणि कावडीच्या जागी कालवा आला. पोर अजून वाळूत आहे. आणि मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात काय झालं ते आपल्या चळवळीतल्या पोराला सांगायला लागू नये. विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध बायांची नागवी धिंड काढली. दुष्काळ होता, पैठणला धरण उठत होतं, मंत्री मराठवाडा सुजलाम सुफलाम करायच्या बाता मारत होते. पुढे त्याच परभणीत डावा कालवा पोचला. कालवा कुणाच्या शेतात पोचला हे पाहिलं की पाणी म्हणजे काय चीज आहे ते कळतं.

शहरातल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) नाथसागराचंच पाणी पितं. पितं म्हणजे ज्याला मिळतं तो. दिवसांआड नव्हे, कित्येक दिवसांआड नळ येतो आणि झोपडपट्टीत त्याच्याही आधी टँकरवाला येतो. त्याच तलावातून वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांना पाईप गेलेत. त्यात बीअरचेही कारखाने आहेत. २००३ सालच्या राज्याच्या जलनीतीने पिण्याच्या पाण्याखालोखाल उद्योगाला बसवलं होतं, शेतीला त्याच्या मागे. २०११ ला तो क्रम बदलला. आणि एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी येत असताना, बीअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याने तोडा हे सांगायला औरंगाबाद खंडपीठाला बसावं लागलं. सरकारला आपणहून सुचलं नाही. बाटली भरत होती तेव्हा हंडा रिकामा होता, एवढं कळायला न्यायाधीश लागतो?

पूर आला तरी पुन्हा दरवाजेच. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून पाणी सोडलं आणि पैठण पाण्यात गेलं. तलाव भरून ठेवायचा लोभ आणि दरवाजे उघडायची वेळ, ह्यांच्या मधली जागा नदीकाठच्या वस्तीची. काठावर कोण राहतो? ज्याला उंचावर जागा मिळाली नाही तो.

कुणी म्हणेल, मग तुम्ही धरणविरोधी. अजिबात नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते तेव्हा पाणी आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोरं, ओरिसाच्या नद्या, नोव्हेंबर १९४५ ची कटकची परिषद, हा सगळा इतिहास आपल्या लोकांनीसुद्धा नीट वाचलेला नाही. नदी बांधावी, साठवावी, वीज काढावी ह्या मताचा तो माणूस होता. आणि चवदार तळ्यावर १९२७ ला गेला तोही तोच माणूस. ह्या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवतो, ही चळवळीची आळशी सवय आहे. तळ्याचा हक्क कौन्सिलाच्या ठरावाने १९२३ ला दिला होता, महाड नगरपालिकेने १९२४ ला. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल आला १९३७ ला. तेव्हा अडवलेली ओंजळ होती, आता अडवलेला आवर्तनाचा पास आहे.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं. घरात माणसं किती तेवढं पाणी, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. ऐंशीच्या दशकात सांगलीच्या खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरणासाठी झगडा केला, तिथेही भूमिहीनाचा पाण्यात हिस्सा धरला. पुढे नागनाथअण्णा नायकवडींच्या आटपाडीच्या दुष्काळी परिषदांनी समन्यायी वाटपाची मागणी पुढे रेटली. ही माणसं काही आपल्या चळवळीतली नव्हती. म्हणून काय झालं? भूमिहीनाला पाण्यात वाटा दिला की तो स्वतः गाळपेर कसू शकतो, चार शेळ्या पाळू शकतो, खंडाने शेत घेऊन वरच्याशी सौदा करू शकतो. आपलं पाणी दुसऱ्याच्या शेताला देऊन पिकात हिस्सा मागू शकतो. हे त्या बागायतदाराला पक्कं कळतं. म्हणून तर पाणी माणशी वाटायचं म्हटलं की नाशिकचा आणि मराठवाड्याचा एकदम एक होतो.

तेव्हा दोस्तहो, येत्या ऑक्टोबरात पुन्हा तमाशा उभा राहील. कुणीतरी येऊन 'मराठवाड्यावर अन्याय' म्हणून गाड्या भरायला सांगेल. जायचं असेल तर जा, पण आपला फलक घेऊन जा. पासष्ट टक्के मान्य, त्यात भूमिहीन घराचे किती, हे लिहून न्या. आणि मोर्च्याच्या आधी एक काम करा. वस्तीत पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवाशाकडची माणसं आहेत, पुणे-मुंबईच्या झोपडपट्टीत तर गल्लीगल्लीत आहेत. त्यांना विचारा, तुमचं गाव बुडालं का, भरपाई कुणाला मिळाली, गाळपेर कोण कसतो. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा आणि काठावरच्या प्रत्येक गावाची गाळपेर पट्ट्यांची यादी मागा. कुणाच्या नावाने पट्टा, किती एकर, किती वर्षं. नावं वाचा. त्यातली किती भूमिहीनांची आणि किती त्याच बागायतदारांच्या भावकीची, ते तांबड्या शाईने खुणा करून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात नकाशासकट छापू. पट्टे वाटायची वेळ पाणी उतरल्यावर येते, म्हणजे हातात फार दिवस नाहीत.